सिक्युअर बूट चालू केले की विंडोज सुरू होत नाही, उबुंटू मात्र होते: फर्मवेअर अद्ययावत करावे का?

पाऊलवाट यांचा प्रश्न

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. माझा लॅपटॉप २०१९ साली घेतलेला असून त्यात आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आहे. एकाच एसएसडीवर विंडोज ११ आणि उबुंटू अशा दोन प्रणाली आहेत. मुलांची प्रात्यक्षिके उबुंटूवर घेते. गुणपत्रके आणि कार्यालयीन कामे विंडोजवर होतात. विंडोजच्या भागाला बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी सोय, लावलेले आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका कंपनीपुरता नसावा असे वाटते.

मध्यंतरी कीबोर्ड बदलण्यासाठी लॅपटॉप एका दुरुस्ती केंद्रात दिला होता. परत आल्यावर तो सुरू करताच बिटलॉकरचा निळा पडदा आला आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली. ती माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली होती, त्यामुळे आत जाता आले. त्यानंतर सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये पाहिले तर ‘सिक्युअर बूट स्टेट’समोर ‘ऑफ’ लिहिलेले होते. केंद्राला विचारले तेव्हा असे सांगण्यात आले की, बायोसमधील सर्व गोष्टी, सिक्युअर बूटच्या कीजसह, फॅक्टरी डिफॉल्टला आणल्या होत्या, त्यानंतर सिक्युअर बूटमुळे विंडोज उघडेना म्हणून ते बंद केले, आणि ते तसेच राहिले तरी काही बिघडत नाही.

मला ते बंद ठेवायचे नाही. बायोसच्या सेटअपमध्ये जाऊन चालू केले, तर लाल चौकटीत ‘सिक्युअर बूट व्हायोलेशन’ आणि त्याखाली ‘इनव्हॅलिड सिग्नेचर डिटेक्टेड, चेक सिक्युअर बूट पॉलिसी इन सेटअप’ असा संदेश येतो. विशेष म्हणजे उबुंटू त्याच स्थितीत विनातक्रार सुरू होते. उबुंटूच्या ग्रब या प्रणाली निवडण्याच्या मेनूतून विंडोज निवडले की ‘बॅड शिम सिग्नेचर’ एवढेच शब्द दिसतात. सिक्युअर बूट बंद केले की दोन्ही प्रणाली पूर्ववत चालतात. नेहमी तक्रार असते ती लिनक्स सुरू होत नसल्याची. येथे नेमके उलटे का घडते आहे, ते मला उमगलेले नाही.

लॅपटॉपवर सध्या २०२१ मधले फर्मवेअर (बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर याच मॉडेलसाठी त्याहून नवी आवृत्ती दिसते आणि तिच्या माहितीपत्रात २०२३ ची सिक्युअर बूट प्रमाणपत्रे समाविष्ट केल्याचा उल्लेख आहे. माझ्या अडचणीचा या प्रमाणपत्रांशी संबंध आहे का, आणि फर्मवेअर बदलल्याने ती सुटेल का? आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे मध्येच काही बिनसले तर लॅपटॉप कायमचा बंद पडेल, ही धास्ती आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उंबरठा यांचा प्रतिसाद

आपण लक्षणे इतक्या नेमकेपणाने लिहिली आहेत की निदान त्यांतच आले आहे. मी एका शैक्षणिक संस्थेच्या संगणक विभागात काम करतो आणि असे लॅपटॉप अधूनमधून आमच्यापुढे येतात.

सिक्युअर बूट म्हणजे फर्मवेअरने कोणताही बूटलोडर (प्रणाली सुरू करणारा छोटा प्रोग्राम) चालवण्याआधी त्याची डिजिटल स्वाक्षरी तपासणे. त्यासाठी मदरबोर्डवरील चिपमध्ये चार नोंदी असतात. पीके ही लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची मुख्य की; केईके म्हणजे पुढच्या दोन याद्यांत फेरफार करण्याचा अधिकार कोणाला, याची नोंद; डीबी म्हणजे ज्यांच्या स्वाक्षरीवर विश्वास ठेवायचा त्यांची यादी; आणि डीबीएक्स म्हणजे बाद ठरवलेल्यांची यादी. मतदार यादीत नाव नसेल तर ओळखपत्र खरे असूनही मतदान करू देत नाहीत, तसाच आपल्या विंडोजचा प्रकार झाला आहे. स्वाक्षरी अस्सल आहे, पण ती करणाऱ्याचे नाव आपल्या डीबीमध्ये आता उरलेले नाही.

ते का उरले नाही, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. विंडोज ८ पासून जवळजवळ प्रत्येक लॅपटॉपच्या डीबीमध्ये मायक्रोसॉफ्टची २०११ ची दोन प्रमाणपत्रे असत: विंडोजच्या स्वतःच्या बूटलोडरसाठी, म्हणजे बूट मॅनेजरसाठी, ‘विंडोज प्रॉडक्शन पीसीए २०११’ आणि इतरांच्या बूटलोडरसाठी ‘मायक्रोसॉफ्ट यूईएफआय सीए २०११’. यांपैकी दुसऱ्याची मुदत जून २०२६ ची आणि पहिल्याची ऑक्टोबर २०२६ ची. केईकेमधल्या २०११ च्या प्रमाणपत्राचीही मुदत जून २०२६ चीच. म्हणून मायक्रोसॉफ्टने २०२३ ची नवी प्रमाणपत्रे तयार केली आणि ती विंडोज अपडेटमधून टप्प्याटप्प्याने लॅपटॉपच्या डीबीमध्ये भरण्यास सुरुवात केली. एखाद्या लॅपटॉपच्या डीबीमध्ये ‘विंडोज यूईएफआय सीए २०२३’ दाखल झाले की त्यानंतर विंडोज आपला बूट मॅनेजर बदलून नव्या स्वाक्षरीचा बसवते.

आपल्या लॅपटॉपवर हे दोन्ही टप्पे पूर्वीच पार पडले असावेत. त्यानंतर दुरुस्ती केंद्राने कीज फॅक्टरी डिफॉल्टला आणल्या, म्हणजे डीबी २०२१ च्या फर्मवेअरमध्ये जशी कोरलेली होती तशी झाली आणि त्यातून २०२३ चे प्रमाणपत्र पुसले गेले. एसएसडीवरचा बूट मॅनेजर मात्र नव्या स्वाक्षरीचाच राहिला. उबुंटूचा शिम हा बूटलोडर २०११ च्या ‘यूईएफआय सीए’ने स्वाक्षरी केलेला असल्यामुळे त्याला अडथळा आला नाही. ग्रबमधून विंडोज उघडतानाही शिम तीच डीबी तपासतो, म्हणून तेथेही नकारच मिळाला.

हे निव्वळ अनुमान राहू नये म्हणून दोन ठिकाणी पाहा. सिक्युअर बूट बंद असताना विंडोजमध्ये जाऊन इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिस्टीम’ नोंदींमध्ये ‘टीपीएम-डब्ल्यूएमआय’ या स्रोताची १७९९ क्रमांकाची नोंद शोधा. नव्या स्वाक्षरीचा बूट मॅनेजर बसवल्यावर ती उमटते. तिची तारीख दुरुस्तीच्या आधीची निघाली तर शंकेला जागा नाही. दुसरे म्हणजे उबुंटूच्या टर्मिनलमध्ये मोकयुटिल हा प्रोग्राम डीबीचा पर्याय देऊन चालवा. डीबीमधल्या प्रमाणपत्रांची नावे समोर येतील.

आता उपायाकडे वळतो. फर्मवेअर अद्ययावत करावे, हे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यात क्रमाला फार महत्त्व आहे. सर्वांत आधी ४८ अंकी की कागदावर उतरवून घ्या. ती सहा-सहा अंकांच्या आठ गटांत असते. खात्यात एकाहून अधिक कीज दिसत असतील तर निळ्या पडद्यावर येणाऱ्या की आयडीची पहिली आठ अक्षरे जुळवून योग्य ती निवडा. त्यानंतर बिटलॉकर तात्पुरते थांबवा. डिस्क डिक्रिप्ट करण्याची गरज नाही, केवळ ‘सस्पेंड’ करायचे आहे. येथे एक बारकावा आहे: साध्या पद्धतीने थांबवलेले बिटलॉकर एकदा रीस्टार्ट झाल्यावर आपोआप पुन्हा लागू होऊ शकते आणि फर्मवेअरच्या कामात लॅपटॉप एकापेक्षा अधिक वेळा सुरू-बंद होतो. म्हणून प्रशासकीय पॉवरशेलमधून ‘सस्पेंड-बिटलॉकर’ देताना रीबूट-काउंट शून्य द्यावा. मग आपण स्वतः चालू करेपर्यंत ते थांबलेलेच राहते.

मग फर्मवेअर बदला. पुढची गोष्ट माहितीपत्रांत पुष्कळदा एखाद्या ओळीत उरकलेली असते, म्हणून ती विस्ताराने लिहितो. नवे फर्मवेअर २०२३ ची प्रमाणपत्रे आपल्या ‘डिफॉल्ट’ यादीत आणते, परंतु प्रत्यक्ष वापरात असलेली डीबी अनेक लॅपटॉपवर जशीच्या तशी राहते. त्यामुळे फर्मवेअर बदलल्यावर लगेच सिक्युअर बूट चालू केले तर तोच लाल संदेश पुन्हा दिसेल आणि सगळा खटाटोप वाया गेल्यासारखे वाटेल. घाबरू नका. सेटअपमध्ये जाऊन ‘रिस्टोअर फॅक्टरी कीज’ हा पर्याय निवडा, म्हणजे नवी डिफॉल्ट यादी वापरात येईल. दुरुस्ती केंद्रात जो पर्याय निवडल्याने विंडोज अडले, त्याच पर्यायाने फर्मवेअर बदलल्यानंतर ते सुटेल.

काही कारणाने फर्मवेअर बदलणे शक्य झाले नाही, तर मायक्रोसॉफ्टने दिलेला दुसरा मार्ग आहे. जुलै २०२४ किंवा त्यानंतरचे अपडेट असलेल्या कोणत्याही विंडोज संगणकावर विंडोज फोल्डरातील बूट, आणि त्यातील ईएफआय या फोल्डरात ‘सिक्युअरबूटरिकव्हरी’ नावाची ईएफआय फाइल असते. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ‘ईएफआय’ आणि त्यात ‘बूट’ असे फोल्डर करून ती फाइल ‘बूटएक्स६४’ या नावाने तेथे ठेवावी आणि त्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करावा. ती फाइल विंडोजचे २०२३ चे प्रमाणपत्र डीबीमध्ये पुन्हा भरते. अर्थात हा पर्याय वापरला तरी फर्मवेअर जुनेच राहते, आणि पुढे कोणी कीज पुन्हा डिफॉल्टला आणल्या तर आपण आज जेथे आहात तेथेच परत याल. म्हणून मी याला दुय्यम स्थान देतो.

माळरान यांचा प्रतिसाद

वरील माहिती उत्तम आहे, पण मला एक प्राथमिक शंका आहे. सिक्युअर बूट बंद असताना दोन्ही प्रणाली व्यवस्थित चालत असतील, तर घरगुती वापराच्या लॅपटॉपवर एवढा धोका पत्करून फर्मवेअर बदलण्याची आवश्यकता आहे का? विंडोज ११ ला सिक्युअर बूट उपलब्ध असणे पुरते, ते चालू असलेच पाहिजे असे नाही, असे माझ्या वाचनात आले आहे. माझा लॅपटॉप गेली कित्येक वर्षे तसाच चालतो आहे.

उंबरठा यांचा प्रतिसाद

आपले वाचन बरोबर आहे. विंडोज ११ ची अट सिक्युअर बूटची सोय असण्याची आहे. काही काळ ते बंद ठेवून काम चालवण्यास माझाही विरोध नाही. पाऊलवाट सध्या तेच करत आहेत. कायमचे बंद ठेवण्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे.

विंडोज सुरू होण्याच्या आधीच जो प्रोग्राम ताबा घेतो तो अँटिव्हायरसच्या नजरेला पडत नाही. मार्च २०२३ मध्ये ईसेट या कंपनीने ‘ब्लॅकलोटस’ नावाच्या अशाच एका घातक प्रोग्रामचे (बूटकिटचे) विश्लेषण प्रसिद्ध केले. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या पण वैध स्वाक्षरीच्या बूट मॅनेजरमधला दोष वापरून ते सिक्युअर बूट चालू असतानाही आत शिरत होते. तो मार्ग बुजवण्यासाठीच जुन्या स्वाक्षऱ्या हळूहळू बाद करण्याचे काम हाती घ्यावे लागले. सिक्युअर बूट बंद असलेल्या लॅपटॉपवर तर अशा प्रोग्रामला दोष शोधण्याचीही गरज राहत नाही. आणि पाऊलवाट यांच्या लॅपटॉपमध्ये विद्यार्थ्यांची गुणपत्रके आहेत, म्हणजे जबाबदारी केवळ स्वतःच्या फाइलींची नाही.

खटाटोप यांचा प्रतिसाद

मॅडम, माझे लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान आहे. फर्मवेअर अर्ध्यावर अडकलेली यंत्रे माझ्याकडे येतात, म्हणून फक्त त्या बाजूबद्दल लिहितो.

विजेची आपली भीती रास्त आहे, पण लॅपटॉपच्या बाबतीत तिचे मूळ बॅटरीत आहे. बॅटरी धड असेल तर मध्येच वीज गेल्याने काही होत नाही. २०१९ च्या लॅपटॉपची बॅटरी मूळचीच असेल तर आधी ती तपासा. चार्जर काढून साधे काम करत राहा. टक्केवारी टप्प्याटप्प्याने न उतरता एकदम कोसळत असेल, किंवा टचपॅड वर उचलला गेल्यासारखा दिसत असेल, तर बॅटरी बदलल्याशिवाय फर्मवेअरला हात लावू नका. फुगलेली बॅटरी तर तशीही लगेच काढलीच पाहिजे. चार्जर जोडलेला नसेल किंवा बॅटरी फार उतरलेली असेल तर बहुतेक कंपन्यांचे प्रोग्राम काम सुरूच करत नाहीत. परंतु बॅटरी दाखवते तितकी खरोखर टिकेल का, हे त्या प्रोग्रामला नेहमीच कळते असे नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर चार्जर त्याच्या लाइनवर लावा.

फाइल फक्त कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या, आणि मॉडेलचे जाहिरातीतले नाव न पाहता तळाच्या स्टिकरवरचा पूर्ण प्रॉडक्ट नंबर किंवा सीरियल नंबर टाकून शोधा. एकाच नावाखाली दोन-तीन वेगवेगळे मदरबोर्ड विकलेले असतात. जुन्या आवृत्तीवरून थेट शेवटच्या आवृत्तीवर जाता येत नाही, मधली एखादी आवृत्ती आधी घालावी लागते, असेही काही मॉडेलच्या माहितीपत्रात लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रत्यक्ष काम चालू असताना पडदा काळा होईल, पंखा पूर्ण वेगाने फिरेल, लॅपटॉप स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होईल आणि पहिल्या वेळी नेहमीपेक्षा बराच वेळ घेईल. हे सर्व अपेक्षितच असते. या टप्प्यावर लोक घाबरून पॉवर बटण दाबून धरतात, आणि मला विचाराल तर अडकलेल्या यंत्रांतली पुष्कळशी त्यामुळेच अडकतात. चहा पिऊन या, पण बटणाला हात लावू नका.

आणि समजा अडकलेच, तरी लॅपटॉप भंगारात गेला असे समजू नका. कित्येक कंपन्यांनी परत येण्याची सोय ठेवलेली आहे: डेलमध्ये कंट्रोल आणि एस्केप धरून चार्जर जोडल्यावर बायोस रिकव्हरी सुरू होते, एचपीमध्ये चार्जर जोडून, विंडोज की आणि बी धरून पॉवर बटण दाबल्यावर. तेही चालले नाही तर मदरबोर्डवरची आठ पायांची चिप बाहेरून प्रोग्रामरने पुन्हा लिहिता येते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे काम करणारे कारागीर भेटतात. त्यांना एकच सांगावे की, लिहिण्यापूर्वी चिपमधला मजकूर वाचून त्याची प्रत ठेवा. लॅपटॉपचा सीरियल नंबर आणि कंपनीकडून आलेल्या विंडोजची लायसन्स की त्याच चिपमध्ये असते. इंटरनेटवरून उतरवलेली दुसऱ्याची फाइल भरली की ते दोन्ही जाते.

पिंपळपान यांचा प्रतिसाद

उबुंटूच्या बाजूने काही गोष्टी जोडते, कारण वरील चर्चेत त्या राहून गेल्या आहेत.

पहिली गोष्ट, ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर दोन प्रणाली असलेल्या अनेक लॅपटॉपवर लिनक्स सुरू होईनासे झाले होते. इंटरनेटवर शोधताना आपल्याला त्याचेच उपाय अधिक सापडतील, परंतु तो प्रश्न वेगळा होता. त्यात संदेश ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड, सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा येत असे आणि अडत असे तो शिम, विंडोज नव्हे. त्यावरचा उपाय, म्हणजे मोकयुटिलने एसबॅटचे (बूटलोडरच्या जुन्या आवृत्त्या बाद ठरवण्याच्या पद्धतीचे) धोरण पुसणे, आपल्या बाबतीत पूर्णपणे निरुपयोगी आहे. संदेशाचे शब्द जुळत नसतील तर कोणतीही कमांड चालवू नये.

दुसरी गोष्ट, आपली कंपनी एलव्हीएफएस या लिनक्ससाठी फर्मवेअर पुरवणाऱ्या सेवेवर फर्मवेअर देत असेल तर उबुंटूतूनच ‘एफडब्ल्यूअपडी’ या प्रोग्रामने ते घालता येते. डेल, एचपी आणि लेनोवो यांची अनेक मॉडेल तेथे आहेत. फाइल कोणत्या मॉडेलची हे तो प्रोग्राम स्वतः ओळखतो, त्यामुळे चुकीची फाइल निवडली जाण्याचा धोका जवळजवळ राहत नाही. पेनड्राइव्हही लागत नाही. मात्र उबुंटूतून काम केले तरी बिटलॉकर आधी विंडोजमध्ये जाऊन थांबवलेच पाहिजे.

तिसरी गोष्ट, ‘रिस्टोअर फॅक्टरी कीज’ केल्यावर डीबीएक्स म्हणजे बाद यादीही फर्मवेअरमध्ये असेल त्या जुन्या रूपात परत येते. २०२० मधल्या ग्रबच्या ‘बूटहोल’ दोषानंतर ती यादी सतत वाढत गेली आहे, तेव्हा ती पुन्हा अद्ययावत व्हायला हवी. विंडोज अपडेट किंवा एफडब्ल्यूअपडी, दोघांपैकी कोणीही ते करते. एफडब्ल्यूअपडी त्याआधी आपल्या ईएफआय विभागातले (डिस्कवर बूटलोडर ठेवण्याच्या भागातले) बूटलोडर नव्या यादीने बाद तर होणार नाहीत ना, हे तपासून पाहते, म्हणून मी ते काम त्याच्याकडेच सोपवते. व्हर्च्युअलबॉक्स किंवा एनव्हिडियाच्या मोड्यूलसाठी आपण स्वतः नोंदवलेली मोक की (शिमने विश्वास ठेवावा म्हणून दिलेली की) सहसा वेगळ्या ठिकाणी असते आणि या पर्यायाने जात नाही.

ज्यांचा लॅपटॉप २०२२ नंतरचा आहे त्यांच्यासाठी एक टीप: काही नव्या मॉडेलवर फॅक्टरी कीज परत आणल्या की मायक्रोसॉफ्टच्या तृतीय-पक्ष प्रमाणपत्राला परवानगी देणारा पर्याय बंद होतो आणि मग उबुंटूच अडते. सेटअपमध्ये तो पर्याय चालू केला की काम होते. पाऊलवाट यांच्या २०१९ च्या लॅपटॉपवर ही अडचण बहुधा येणार नाही.

पाऊलवाट यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. काम पूर्ण झाले आहे. पुढे कोणाला उपयोग व्हावा म्हणून घडले तसे लिहिते.

आधी निदान पडताळले. १७९९ क्रमांकाची नोंद सापडली आणि तिची तारीख लॅपटॉप दुरुस्तीला देण्याच्या आधीचीच होती. मोकयुटिलने दाखवलेल्या डीबीमध्ये मायक्रोसॉफ्टची फक्त २०११ ची दोन प्रमाणपत्रे होती. उंबरठा यांनी न पाहता जे सांगितले होते ते अक्षरशः तसेच निघाले.

बॅटरी खटाटोप यांनी सांगितल्याप्रमाणे तपासली. ती हळूहळू आणि समान गतीने उतरत होती. माझे मॉडेल एलव्हीएफएसवर नव्हते, त्यामुळे स्टिकरवरच्या सीरियल नंबरने कंपनीच्या संकेतस्थळावर शोधून फाइल घेतली, पेनड्राइव्हवर ठेवली आणि सेटअपमध्येच असलेल्या अपडेटच्या सोयीने घातली. विंडोजमधून न करता तेथून केले, कारण मध्ये इतर कोणताही प्रोग्राम नसावा असे वाटले. पडदा बराच वेळ काळा राहिला आणि पंख्याचा आवाज वाढला, तेव्हा ‘बटणाला हात लावू नका’ हे वाक्य आठवून स्वस्थ बसून राहिले.

नवी आवृत्ती दिसू लागल्यावर, केवळ खात्री करून घेण्यासाठी, कीजना हात न लावता सिक्युअर बूट चालू करून पाहिले. लाल संदेश पुन्हा आला. त्याची पूर्वकल्पना नसती तर मी येथेच फर्मवेअर निरुपयोगी ठरवले असते. मग ‘रिस्टोअर फॅक्टरी कीज’ निवडले, बदल जतन केला, आणि विंडोज सरळ उघडले. सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये ‘सिक्युअर बूट स्टेट’ आता ‘ऑन’ आहे. ग्रबमधूनही विंडोज उघडते. मोकयुटिलच्या यादीत आता ‘विंडोज यूईएफआय सीए २०२३’ आणि ‘मायक्रोसॉफ्ट यूईएफआय सीए २०२३’ ही नावे जुन्या दोघांच्या जोडीला दिसतात. त्यानंतर बिटलॉकर पुन्हा चालू केले; ४८ अंकी की एकदाही मागितली गेली नाही.

दोन शंका उरल्या आहेत. बिटलॉकर थांबवून पुन्हा चालू केल्यामुळे माझी की बदलली असेल का? आणि विभागात विंडोज ११ बसवण्यासाठी जुना पेनड्राइव्ह करून ठेवलेला आहे, तो या लॅपटॉपवर यापुढे चालेल का?

उंबरठा यांचा प्रतिसाद

काम सुरळीत झाले, याचा आनंद वाटला. की बदललेली नाही. ‘सस्पेंड’ आणि ‘रिझ्यूम’ केल्याने टीपीएम या सुरक्षा चिपमधली नोंद नव्या स्थितीशी जुळवली जाते. ४८ अंकी की तीच राहते, त्यामुळे कागदावरची नोंद ग्राह्य आहे.

जुना पेनड्राइव्ह सध्या चालेल, कारण २०११ चे प्रमाणपत्र आपल्या डीबीमध्ये अजून आहे. मात्र ब्लॅकलोटसच्या बंदोबस्तातला पुढचा टप्पा ‘विंडोज प्रॉडक्शन पीसीए २०११’ हे प्रमाणपत्रच डीबीएक्समध्ये टाकण्याचा आहे. एखाद्या लॅपटॉपवर तो टप्पा लागू झाला की २०११ च्या स्वाक्षरीचे बूट मॅनेजर असलेले पेनड्राइव्ह सिक्युअर बूट चालू असताना उघडणार नाहीत, म्हणून तो २०२३ च्या स्वाक्षरीच्या बूट मॅनेजरसह पुन्हा तयार करून घ्यावा. उबुंटूच्या पेनड्राइव्हची गोष्ट उलट्या दिशेने लागू पडते: यापुढचे शिम २०२३ च्या स्वाक्षरीने येऊ लागतील, तेव्हा विभागातल्या ज्या संगणकांच्या डीबीमध्ये नवे प्रमाणपत्र नाही त्यांवर नवा पेनड्राइव्ह अडेल.

त्यामुळे विभागातले इतर संगणकही एकदा पाहून घ्यावेत. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १८०८ ही नोंद असेल तर प्रमाणपत्रे आणि बूट मॅनेजर दोन्ही नवे झाले आहेत. १८०१ असेल तर काम बाकी आहे. १७९५ दिसत असेल तर नवी नोंद लिहिताना फर्मवेअरनेच त्रुटी कळवली असा अर्थ होतो, आणि तेथे फर्मवेअर अद्ययावत करून पाहणे हा पहिला उपाय. १८०३ सर्वांत अवघड: नव्या केईकेवर लॅपटॉपच्या कंपनीच्या पीकेची स्वाक्षरी लागते आणि त्या यंत्रासाठी ती उपलब्ध नाही, असे ती नोंद सांगते. असे संगणक कंपनीच्या सेवा विभागाकडे मॉडेल क्रमांकासह लेखी विचारणा करून मगच हाताळावेत. मुदत उलटली म्हणून ते सुरू व्हायचे थांबणार नाहीत, परंतु बूट मॅनेजरच्या आणि बाद यादीच्या पुढच्या सुधारणा त्यांना मिळणार नाहीत. तोपर्यंत त्यांच्या सेटअपला पासवर्ड लावून ठेवा, म्हणजे कोणी कीज परत डिफॉल्टला आणणार नाही.